आधी आईच्या मांडीत अर्धा मिली: पुण्यातल्या प्रसूतिगृहांना खुले पत्र

प्रति,
आरोग्यप्रमुख, पुणे महानगरपालिका,
तसेच शहरातील आणि जिल्ह्यातील सर्व प्रसूतिगृहांचे चालक, तिथले डॉक्टर, सिस्टर आणि एएनएम (सहायक परिचारिका) ताई

विषय: गरोदरपणातली तीव्र ॲलर्जी, तिचा बाळावर होणारा परिणाम आणि ॲड्रेनॅलिन या जीव वाचवणाऱ्या इंजेक्शनला होणारा उशीर

सप्रेम नमस्कार,

गरोदर बाईला इंजेक्शन दिल्यावर किंवा सलाईन चालू असताना रिॲक्शन आली की खोलीत एकदम धावपळ होते. कुणी बाळाचे ठोके ऐकायचा डॉपलर शोधतं, कुणी ॲलर्जीचं एव्हिल भरतं, कुणी डेक्सा हे स्टेरॉइड फोडतं, कुणी नातेवाइकांना बाहेर काढतं. ॲड्रेनॅलिनचं नाव निघालंच तर हमखास एक आवाज येतो, ‘अहो, पोटात बाळ आहे, जरा जपून.’ हे पत्र त्या ‘जपून’बद्दल आहे. बाळाच्या काळजीपोटी जे औषध मागे ठेवलं जातं, ते द्यायला उशीर झाला की पहिला फटका बाळालाच बसतो. तो कसा बसतो आणि टाळायचा कसा, हे तपशिलात लिहितो आहोत.

अशी रिॲक्शन, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस, क्वचित येते. ब्रिटनमध्ये २०१२ ते २०१५ या तीन वर्षांत देशभरातल्या प्रसूतिगृहांतून नोंदी गोळा केल्या, तेव्हा दर लाख गर्भवतींमागे साधारण १.६ एवढं प्रमाण निघालं. त्यातल्या जवळजवळ निम्म्या रिॲक्शन अँटिबायोटिकमुळे आलेल्या होत्या. म्हणजे एखाद्या सिस्टरच्या उभ्या नोकरीत हा प्रसंग कदाचित एकदाच यायचा, कदाचित यायचाही नाही. हात वळलेले नसतात ते यामुळेच, आणि म्हणून तयारी आधीच करून ठेवावी लागते.

बाळाला नेमकं काय होतं, ते आधी पाहू. एक गैरसमज सर्रास आहे की आईला आलेली ॲलर्जी बाळाच्या अंगात उतरते. तसं होत नाही. ही रिॲक्शन घडवणारी आईची आयजीई अँटिबॉडी वार (प्लॅसेंटा) ओलांडून पलीकडे जात नाही. शिवाय वारेत डायअमाइन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम भरपूर तयार होतं आणि ते हिस्टॅमिन, म्हणजे ॲलर्जीत पेशींतून सुटणारं रसायन, तोडत राहतं. बाळाचं नुकसान होतं ते आईचं बीपी पडल्यामुळे आणि तिच्या रक्तातला ऑक्सिजन कमी झाल्यामुळे.

दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला साधारण ६०० ते ७०० मिली रक्त जातं. मेंदू किंवा मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांना एक सोय असते. दाब कमी झाला की त्या आपणहून सैल होतात आणि आपला पुरवठा टिकवून धरतात. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या गरोदरपणात आधीच पुरत्या सैलावलेल्या असतात, त्यांना आणखी सैल व्हायला जागा उरलेली नसते. त्यामुळे आईचा दाब जेवढा उतरेल तेवढा बाळाचा पुरवठा उतरतो. त्यात शॉकमध्ये आईचं शरीर पहिल्यांदा स्वतःचा मेंदू आणि हृदय सांभाळतं, आणि रक्त ज्या अवयवांकडून काढून घेतलं जातं त्यांत गर्भाशय येतं. आई डोळे उघडून बोलते आहे, वरचं बीपी ८० आहे, ‘थोडं गरगरतंय’ एवढंच म्हणते आहे, आणि त्याच मिनिटाला बाळाचे ठोके १४० वरून ८० वर आलेले असतात. आई दोन-तीन दिवसांत चालत घरी गेली आणि बाळाच्या मेंदूला मात्र कायमची इजा राहिली, अशी उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

बाळाकडे थोडी पुंजी असते, हेही खरं. त्याचं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जास्त घट्ट धरतं. पुरवठा घटला की तेही आपलं रक्त मेंदू, हृदय आणि ॲड्रिनल ग्रंथींकडे वळवतं. पण ही पुंजी मिनिटांची आहे. ती संपली की ठोके ११० च्या खाली जाऊन तिथेच राहतात, रक्तात आम्ल साठतं आणि मेंदूच्या पेशी मरू लागतात. आपल्याकडच्या बाईचं हिमोग्लोबिन ७ ते १० च्या मध्ये असेल तर ही पुंजी सुरुवातीपासूनच तोकडी असते, आणि शिरेतून लोह नेमकं अशाच बाईला दिलं जातं. लोहाच्या सलाईनजवळ तयारी का हवी, याचं याहून मोठं कारण आम्हाला सुचत नाही.

आई-वडील नंतर विचारतात, बाळात काही व्यंग राहील का? त्यांना नीट उत्तर द्या. नुसतं अंगावर पित्त उठलं, खाज आली, बीपी आणि श्वास दोन्ही ठीक राहिले, तर बाळाला त्याची झळ पोचत नाही. बीपी पडलं पण काही मिनिटांत सावरलं, तर बहुतेक बाळं पोटातच पूर्ववत होतात. धोका असतो तो दाब बराच वेळ पडलेला राहिला तर. तेव्हा इजा झालेलं बाळ जन्मतं किंवा बाळ पोटातच दगावतं. कळा सुरू होऊन दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचीही शक्यता असते, कारण हिस्टॅमिनसारखी रसायनं गर्भाशयाला आकुंचन आणतात.

आता ओळखायचं कसं. फसगत इथेच होते. पित्ताच्या गांधी उठल्याशिवाय ॲलर्जी नाही, असं मनात घट्ट बसलेलं असतं. १०० पैकी १० ते २० रुग्णांत कातडीवर काहीही दिसत नाही, किंवा दिसतं ते बीपी सावरल्यावर. गरोदरपणात नाडी तशीही मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी वाढलेली असते आणि मधल्या महिन्यांत बीपी तसंही थोडं उतरलेलं असतं, म्हणून ‘हिचं असंच असतं’ म्हणून सोडून दिलं जातं. गरोदर बाईत काही खुणा वेगळ्या असतात. योनीमार्गाशी आणि जांघेत एकाएकी असह्य खाज सुटते, कमरेत कळ येते, ओटीपोट आवळून येतं. बाई लाजेपोटी खाजेचं बोलत नाही, तेव्हा सिस्टरनेच विचारावं. तळहात-तळपायांची आग, घसा आवळल्यासारखा वाटणं, आवाज बसणं, एकदम शौचाची भावना होणं, उलटी, आणि ‘मला काहीतरी होतंय’ हे वाक्य. औषध शिरेत गेल्यावर पाच मिनिटांत कुणी हे वाक्य बोललं, तर तिला ‘घाबरू नका’ म्हणण्याआधी सलाईनचा चाप बंद करा आणि बीपी घ्या.

घरी हीच गोष्ट आमसुलाच्या पाण्यावर निभावली जाते. पित्त उठलं, आमसूल चोळलं, झोप म्हणाले. नुसत्या पित्ताला ते चालून जातं. सोबत धाप, उलटी, चक्कर, आवाज बदलणं यांतलं एक जरी असलं, तर ते पित्त नव्हे.

आता औषध. ॲड्रेनॅलिनचा जो अँप्यूल, म्हणजे काचेची छोटी कुपी, आपल्याकडे मिळतो त्यात १ मिलीमध्ये १ मिग्रॅ असतं. काहींवर १:१००० असं छापलेलं असतं. गरोदर बाईचा डोस अर्धा मिली, म्हणजे ०.५ मिग्रॅ, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. पाच मिनिटांनी बीपी आणि श्वास सुधारले नसतील तर तोच डोस पुन्हा. वजनाचा हिशेब करत बसायला नको. दंडात, कातडीखाली दिलेलं औषध हळूहळू शोषलं जातं, कारण कातडीतल्या रक्तवाहिन्या ॲड्रेनॅलिननेच आवळतात. मांडीचा स्नायू मोठा आणि रक्ताने भरलेला असतो, तिथून ते काही मिनिटांत पोचतं. सुई एक इंची, २३ नंबरची. बाई अंगाने जाड असेल तर दीड इंची. पातळ लेगिंग्जवरून टोचलं तरी चालतं, पण साडी आणि परकराच्या घड्यांवरून सुई स्नायूपर्यंत पोचत नाही. घड्या बाजूला सारा, त्याला तीन सेकंद लागतात.

‘ॲड्रेनॅलिनने गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या आवळतात’ हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य खोटं नाही. निरोगी बाईला विनाकारण दिलं तर आवळतीलही. पण ॲनाफिलॅक्सिसमध्ये सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या सैल पडलेल्या आणि गळक्या झालेल्या असतात. दहा मिनिटांत रक्तातल्या द्रवाचा एक तृतीयांश भाग वाहिन्यांबाहेर झिरपू शकतो. वारेकडे ढकलायला दाबच उरलेला नाही, तिथे आवळण्याची चिंता कसली करायची? ॲड्रेनॅलिन ती गळती थांबवतं, दाब उभा करतं, श्वासनलिका मोकळी करतं आणि पेशींतून आणखी हिस्टॅमिन सुटण्याला लगाम घालतं. चारही कामं बाळाच्या फायद्याची आहेत. हात थरथरतील, छातीत धडधडेल, डोकं ठणकेल. दहा-पंधरा मिनिटांत ते ओसरतं, बाईला तसं आधीच सांगून ठेवा.

एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोनबद्दल स्पष्टच लिहितो, कारण आपल्या शहरात सवय तीच आहे. एव्हिल खाज आणि गांधी कमी करतं. बीपी वर आणत नाही, सुजलेला घसा उघडत नाही. शिरेतून भराभर दिलं तर बीपी आणखी पाडू शकतं, वर बाईला गुंगी येते आणि ती शुद्धीवर आहे की नाही हे कळेनासं होतं. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला काही तास लागतात, बाळाकडे तेवढा वेळ नसतो. ही दोन्ही औषधं मागाहून द्या, हरकत नाही. पण ती भरण्यात गेलेली पहिली चार मिनिटं परत मिळत नाहीत.

एक चूक मात्र याच्या उलट दिशेची आहे, आणि तीही जीवघेणी आहे. घाईत तोच अर्धा मिली शिरेतून ढकलला जातो. स्नायूतला डोस शिरेत गेला तर बीपी २०० च्या वर उसळतं, हृदयाची लय बिघडते. शिरेतून द्यायचं तर भूलतज्ज्ञाने, मॉनिटर लावून, पातळ करून, ५० मायक्रोग्रॅमसारख्या लहान मात्रेत. वॉर्डात शिरेतून ॲड्रेनॅलिन नको, असा नियमच करून टाका.

औषधाइतकंच महत्त्व निजवण्याच्या पद्धतीला आहे. विसाव्या आठवड्यानंतर, म्हणजे गर्भाशय बेंबीपर्यंत आलं की, उताणं झोपवलेल्या बाईचं गर्भाशय पाठीकडच्या मोठ्या शिरेवर बसतं आणि पायांकडून हृदयाकडे येणारं रक्त अडतं. आधीच बीपी पडलेलं, त्यात हा अडसर. तिला डाव्या कुशीवर वळवा, किंवा एकाने दोन्ही हातांनी पोट डावीकडे ओढून धरा. उजव्या कमरेखाली चादरीची घडी किंवा सलाईनच्या दोन बाटल्या सरकवल्या तरी काम होतं. पाय उंच. धाप फार असेल तर पाठ थोडी वर करा. पण तिला उठवून बसवू नका, चालवत सोनोग्राफीच्या खोलीत नेऊ नका. बीपी पडलेल्या माणसाला एकदम उभं केलं की हृदयाकडे परतणारं रक्त थांबतं आणि त्या एका क्षणात हृदय रिकामं धडधडू लागतं. हे होऊन माणसं दगावल्याची नोंद आहे. ‘आधी बाळ बघून घेऊ’ म्हणून तिला तपासणीच्या टेबलापर्यंत चालवणं हे नेमकं तेच आहे.

बाकीचं थोडक्यात. मास्कने मिनिटाला १० ते १५ लिटर ऑक्सिजन, आईचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९५ च्या वर ठेवायचं, कारण आईचा थोडासा कमीपणा बाळापर्यंत मोठा होऊन पोचतो. शिरेत मोठी सुई, शक्य तर दोन, आणि सलाईन जोरात. साधी गरोदर बाई असेल तर पहिलं लिटर लवकर. बीपी वाढल्याचा आजार, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया असेल तर ५०० मिली देऊन छाती ऐका, कारण तिच्या फुप्फुसांत पाणी साठायला वेळ लागत नाही. वरचं बीपी किमान ९० च्या पुढे आणायचं. लॅबेटॅलॉल चालू असलेल्या बाईला दोन डोस देऊनही बीपी वर येत नसेल, तर त्या गोळीने ॲड्रेनॅलिनची वाट अडवली आहे असं समजा. अशा वेळी ग्लुकॅगॉन १ ते ५ मिग्रॅ शिरेतून, पाच मिनिटांत हळूहळू. उलटी होते, म्हणून कुशीवर ठेवा. आपल्याकडे बीपीसाठी लॅबेटॅलॉल सर्रास दिलं जातं. ग्लुकॅगॉन जवळच्या कुठल्या औषध दुकानात किंवा मोठ्या रुग्णालयात आहे, ते शांततेच्या दिवशी शोधून भिंतीवर लिहून ठेवा.

ठोके पडले म्हणून लगेच सिझर करायला धावू नका. शॉकमधल्या आईला भूल देऊन पोट उघडणं म्हणजे दोघांनाही आणखी खोल लोटणं. आईचा दाब वर आला की बहुतेक वेळा बाळाचे ठोकेही काही मिनिटांत परत येतात. पोटातलं बाळ सावरायला आईसारखी जागा नाही. दोन डोस, सलाईन, ऑक्सिजन, डावी कूस हे सगळं होऊनही आई सावरत नसेल किंवा ठोके वर येत नसतील, तेव्हा सिझरचा निर्णय. आणि आईचं हृदयच थांबलं, गर्भाशय बेंबीपर्यंत किंवा त्याच्या वर असेल, तर छातीवर दाब देत, पोट डावीकडे धरून, चौथ्या मिनिटाला निर्णय आणि पाचव्या मिनिटापर्यंत बाळ बाहेर. ऑपरेशन थिएटरपर्यंत नेण्यात वेळ घालवायचा नाही, आहे तिथेच. बाळ बाहेर आलं की आईच्या हृदयाकडे रक्त परतायला वाट मिळते, म्हणजे हे पाऊल तिच्यासाठीही आहे.

कुठल्या क्षणी जास्त सावध राहायचं? पहिला क्षण सिझरच्या आधीच्या अँटिबायोटिकचा. पूर्वी हे इंजेक्शन नाळ बांधल्यावर दिलं जायचं. आता जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस चीर देण्याआधी देण्याची आहे, कारण आईला जंतुसंसर्ग कमी होतो. ते योग्यच आहे. पण त्यामुळे रिॲक्शन आली तर बाळ अजून आतच असतं. म्हणून हे इंजेक्शन वॉर्डातून नेताना स्ट्रेचरवर देऊ नये. थिएटरमध्ये, बीपीचा पट्टा आणि ऑक्सिमीटर लावून, भूलतज्ज्ञ शेजारी असताना, तीन ते पाच मिनिटांत सावकाश द्यावं. त्यासोबत आम्लपित्ताचं आणि उलटीचं इंजेक्शन एकामागून एक ढकलू नये, पाच-पाच मिनिटांचं अंतर ठेवावं. नाहीतर कशाने झालं ते कधीच कळत नाही आणि बाईच्या कपाळी तीन औषधांचा शिक्का बसतो. कण्यात भूल दिल्यावर बीपी पडतंच, पण नेहमीच्या औषधाच्या दोन डोसांनी ते वर आलं नाही, तर ॲलर्जीचा विचार त्याच मिनिटाला मनात आणा. निर्जंतुकीकरणाचं क्लोरहेक्सिडीन, भुलीतली स्नायू सैल करणारी औषधं हेही कारण असतं. लॅटेक्सच्या हातमोज्यांची रिॲक्शन उशिरा, शस्त्रक्रिया सुरू होऊन अर्ध्या तासाच्या आसपास येते, तेव्हा ‘इंजेक्शन तर कधीच दिलं’ म्हणून ती कुणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरा क्षण लोहाच्या सलाईनचा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला बायका येतात, त्यांतल्या पांडुरोग असलेल्यांना पुढे शिरेतून लोह दिलं जातं. आयर्न सुक्रोज २०० मिग्रॅ, १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये, १५ ते ३० मिनिटांत. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका वेळी जास्तीत जास्त १००० मिग्रॅ, किमान १५ मिनिटांत. पहिल्या तीन महिन्यांत देऊ नये. सलाईन संपल्यावर अर्धा तास बाई तिथेच, नजरेसमोर. ‘शाळेतून पोराला आणायचंय’ म्हणून उठते, तिला उठू देऊ नका. यात एक भेद ओळखायला शिकायला हवं. लोह सुरू होताच छातीत भरून आलं, चेहरा लाल झाला, पाठीत दुखलं, पण बीपी, सॅच्युरेशन, घसा सगळं ठीक, तर ते बहुधा लोहाच्या गतीमुळे झालेलं असतं. सलाईन थांबवा, १५ मिनिटं बघा, आपोआप जातं, मग निम्म्या गतीने पुन्हा सुरू करता येतं. तिथे एव्हिलही नको आणि ॲड्रेनॅलिनही नको. बीपी पडलं, धाप लागली, घसा आवळला, तर मात्र अर्धा मिली मांडीत.

आणि टेस्ट डोस. ‘टेस्ट डोस दिला होता, काही झालं नव्हतं’ हे वाक्य बहुतेक केसपेपरवर असतं. युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्येच सांगितलं की शिरेतल्या लोहाचा टेस्ट डोस भरवशाचा नाही, आधीचे डोस सोसलेल्या बाईलाही पुढे रिॲक्शन येऊ शकते. कातडीत टोचलेल्या ०.१ मिली अँटिबायोटिकचंही तेच आहे. तो निगेटिव्ह आला म्हणून ॲड्रेनॅलिनचा ट्रे दुसऱ्या खोलीत ठेवणं ही खोटी निर्धास्ती आहे. त्याहून उपयोगी आहेत तीन प्रश्न: कुठल्या औषधाने, खाण्याने किंवा चावण्याने त्रास झाला, किती वेळात झाला, नेमकं काय झालं. ‘ॲलर्जी आहे का?’ एवढंच विचारलं की उत्तर मिळतं ‘धुळीची’. दातदुखीच्या गोळीने ओठ सुजलेले, शेंगदाण्याने धाप लागलेली, गांधीलमाशी चावून चक्कर आलेली, हे सगळं खोदून विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या बाईचं डोहाळजेवण असेल तर घरच्यांना बजावून ठेवा. दाण्याचं कूट आमटीत, कोशिंबिरीत, खिचडीत, चटणीत असतं आणि वाढणाऱ्याला ते पदार्थातलं वेगळं काही वाटतच नाही.

भोर, वेल्हे, मुळशीकडच्या आरोग्य केंद्रांसाठी एक ओळ. भातलावणीत सर्पदंश झालेल्या गरोदर बाईला प्रतिविष नेहमीच्याच मात्रेत द्यायचं, गरोदर म्हणून कमी नाही. त्याचीही टेस्ट करायची नाही. पहिली बाटली लावण्याआधी ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरलेलं असलं पाहिजे.

घरी असं झालं तर पुण्यात पहिली हाक रिक्षाला किंवा दुचाकीला जाते. बीपी पडलेल्या गरोदर बाईला रिक्षात ताठ बसवून सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून नेणं हे तिला उभं करण्यासारखंच आहे. १०८ ला फोन करा आणि ‘गरोदर आहे, इतके महिने, ॲलर्जीने बेशुद्ध पडते आहे’ असं पहिल्याच वाक्यात सांगा. गाडी येईपर्यंत डाव्या कुशीवर, पाय उशीवर. स्वतःच्याच गाडीने न्यावं लागलं तर मागच्या सीटवर आडवं. परदेशात मिळणारी तयार पेनसारखी सुई आपल्याकडे सहज मिळत नाही, त्यामुळे घरापासून पहिल्या डॉक्टरपर्यंतचा वेळ हाच सगळा वेळ आहे. गल्लीतल्या जनरल प्रॅक्टिशनरकडेही अँप्यूल असावा, एवढीच आमची विनंती.

आता महापालिकेकडे. लसीकरणाच्या प्रत्येक सत्रात ॲनाफिलॅक्सिस किट असतंच. त्यात ॲड्रेनॅलिनचे तीन अँप्यूल, १ मिलीच्या सिरिंजा, एक इंची सुया आणि मात्रेचा तक्ता असतो, आणि एएनएम ताईला पहिला डोस स्नायूत देण्याची मुभाही आहे. मग धनुर्वाताची लस घेताना त्या बाईला जे संरक्षण मिळतं, तेच शेजारच्या खोलीत लोहाचं सलाईन घेताना का मिळू नये? आमची मागणी अशी. पालिकेच्या सर्व प्रसूतिगृहांत, प्रसूतीच्या खोलीत, वॉर्डात, थिएटरमध्ये आणि लोह देण्याच्या जागी प्रत्येकी एक ट्रे असावा. त्यात ॲड्रेनॅलिनचे पाच अँप्यूल, १ मिलीच्या पाच सिरिंजा, एक इंची आणि दीड इंची सुया, नॉर्मल सलाईनच्या दोन बाटल्या, मास्क, आणि झाकणावर मोठ्या मराठी अक्षरांत ‘अर्धा मिली, मांडीच्या बाहेर, पाच मिनिटांनी पुन्हा’. कुलूप नको. अँप्यूल खिडकीत नकोत. ॲड्रेनॅलिन उजेडाने आणि उष्णतेने खराब होतं, गुलाबी किंवा तपकिरी दिसलं की फेकायचं, आणि एप्रिल-मेच्या पुण्यात हे फार लवकर घडतं. दर महिन्याच्या १ तारखेला रंग आणि मुदत बघून सही. खासगी प्रसूतिगृहांची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली पालिकाच करते, तर तपासणीच्या वेळी अग्निशमनाच्या कागदाबरोबर हा ट्रेही उघडून बघावा. ॲड्रेनॅलिन राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि अगदी स्वस्त आहे. पैशाचं कारण इथे टिकत नाही.

रिॲक्शन सावरल्यावर बाईला २४ तास ठेवून घ्या, कारण काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते. बाळ जगण्याजोग्या आठवड्यांचं असेल तर पहिले काही तास ठोक्यांचा आलेख सलग चालू ठेवा, कळा येत नाहीत ना ते बघा. घरी सोडताना बाळाची हालचाल मोजायला शिकवा आणि कमी वाटली तर वेळ न बघता यायला सांगा. प्रसूतीनंतर ॲड्रेनॅलिन दिलं असेल तर गर्भाशय थोडं सैल पडू शकतं, तेव्हा रक्तस्रावावर लक्ष ठेवा. ट्रिप्टेजसाठी, म्हणजे ॲलर्जीची खात्री करणाऱ्या तपासणीसाठी, रक्ताचा नमुना एक ते दोन तासांच्या आत, जमलंच नाही तर चार तासांपर्यंत, आणि दुसरा २४ तासांनंतर. औषधाचं नाव, मात्रा, किती मिनिटांत काय झालं हे माता-बाल संरक्षण कार्डावर लाल शाईने लिहा. केसपेपर रुग्णालयात राहतो, कार्ड बाईबरोबर माहेरी जातं, आणि पुढची प्रसूती अनेकदा तिथेच होते. राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाला १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कळवा.

शेवटी सरावाचं. नॉर्मल सलाईनचा एक मुदतबाह्य अँप्यूल घ्या, घड्याळ लावा, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला सांगा: फोडा, अर्धा मिली भरा, मांडीवर जागा दाखवा, पोट डावीकडे धरा. पहिल्यांदा तीन मिनिटं लागतात. चौथ्या-पाचव्या वेळी ६० सेकंदांत होतं. महिन्यातून एकदा, पाळी बदलताना दहा मिनिटं एवढं केलं तरी पुरे. ज्या प्रसूतिगृहाला हा सराव घेण्यासाठी कुणी हवं असेल, तिथे यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
पुण्यातील काही प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, नवजात शिशुतज्ज्ञ आणि परिचारिका